घाम फोडणारा रस्सा

मिरची भाजल्याचा ठसका आला की मला भिवापूरचं ते जेवण आठवतं. पवनीची देवळं बघून आम्ही नागपूरला परत निघालो होतो, आणि वाटेत तीन नातेवाइकांकडे तीनदा जेवायचं ठरलं होतं. भिवापूरच्या मोठ्या आत्याचा सावजी रस्सा असा, की वासानेच भिंतीवरच्या पालीने गाव सोडलं. आमच्यात पाहुण्याला घाम फुटणं म्हणजे सुगरणीला पदक, आणि काका तर नुसते निथळत होते. "पाह्य वं, याचा सदरा पिळला तर कळशी भरंल!" आत्या खुशीत काकूला म्हणाली. काका हसले नाहीत. छाती चोळत म्हणाले, "जळजळ होऊन राहिली." "मग ताक पी गा!" आत्या म्हणाली, आणि आम्ही सगळे खिदळलो. अंगणात आल्यावर, जन्मात कोणाला स्टेअरिंगला हात लावू न देणाऱ्या काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव गा. मले डावा हात उचलता येऊन नाही राहिला." उमरेडला मावशीकडे ताटं वाढून ठेवली होती, पण मी ब्रेकलाही पाय न लावता गाडी थेट नागपुरात, धंतोलीतल्या दवाखान्यापाशी आणली. काका वाचले. आता माझ्याकडे जेवणाऱ्या प्रत्येकाला मी मध्येच डावा हात वर करायला लावतो. लोकांना वाटतं, मी गंमत करतो.