अंगणातला दिवा कोण लावतं

पावसाळ्यात आबांना व्हरांड्यातल्या बटणाचा शॉक बसला आणि माझी झोप उडाली. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून धुळ्याच्या घरात एकटेच राहायचे. मी जळगावात, नोकरी आणि पोरांच्या शाळेत अडकलेली. त्यांच्याकडे फोन नव्हता. अंगणातला दिवा लावायला ते रोज संध्याकाळी त्या ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावणार, आणि मी इथे पोळ्या लाटताना जिवाला घोर लावून घेणार. नवरा म्हणायचा, "अगं, जाऊ दे ना." जाऊ दे काय जाऊ दे! बाप माझा होता.

शेवटी जळगावच्या बाजारातून टायमर आणला. घड्याळासारखी तबकडी होती त्याला. वेळ लावून दिली की दिवा आपोआप लागणार, आपोआप विझणार. बटणाला हात लावायचं कामच नाही. रविवारी पहिल्या एसटीने धुळ्याला जाऊन थडकले आणि वायरमनला घरून उठवूनच आणलं.

आबांनी टायमरचा डबा उलटसुलट करून पाहिला. "मी काय मेलोय का दिवा लावायला?"

"आबा, शुभ बोला हो."

"वीज गेली की तुझं हे घड्याळही झोपणार. मी नाही झोपत."

मी लक्षच दिलं नाही. वायरमन मात्र नेटका माणूस. आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, म्हणजे कुणी मधेच घालायला नको. टेस्टर लावून तारेत वीज नाही ना ते पाहिलं. मी म्हटलं, "आटपा की भाऊ लवकर." तो म्हणाला, "ताई, घाई असेल तर मला बोलवू नका." त्याने ओलं बटण उखडून टाकलं, अर्थिंगची तार नव्याने ओढली, टायमर घरात कोरड्या भिंतीवर बसवला आणि बाहेरच्या दिव्याला पावसाचं पाणी शिरणार नाही असं झाकण घातलं. दुपार उलटली. मला डोळ्यांसमोर जळगावची शेवटची गाडी दिसत होती, मी आत-बाहेर येरझाऱ्या घालत होते.

दिवेलागणीला टिक् झालं आणि अंगण उजळलं. मला केवढा आनंद! आबा खुर्चीतच बसून होते, हात मांडीवर ठेवून.

तेवढ्यात समोरच्या अक्का आल्या. आबांच्याच वयाच्या, आईची मैत्रीण. दिव्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि माझ्यावरच उखडल्या. "हाई काय करं तू, माय? रोज सांजले तुना बाप दिवा लावस, मी मन्हा दारमातून देखस. दिवा लागना म्हणजे आबा शे, बठ्ठं ठीक शे. आते तो आपोआप लागी. मंग माले कसं समजी?"

दिवा लागला की आबा आहेत, सगळं ठीक आहे, असं त्या रोज आपल्या दारातून बघायच्या म्हणे; आता त्यांना कसं कळणार? मला आधी रागच आला. एवढा खटाटोप केला आणि वर हे ऐकायचं! आबांकडे वळले तर ते हळूच म्हणाले, "मी नसलो तरी लागेल तो."

वायरमन पिशवी आवरत होता, त्याला थांबवलं. त्याने बिचाऱ्याने पुन्हा मेन बंद केला. टायमर गेला मागच्या दाराला, न्हाणीघराच्या वाटेवरच्या दिव्यासाठी. अंगणातल्या दिव्याला आत कोरड्या भिंतीवर साधं बटण, आबांच्या हाताच्या उंचीवर. शेवटची गाडी चुकली ती चुकलीच.

पुढच्या थंडीत एका संध्याकाळी आमचा फोन वाजला. अक्कांचा मुलगा, दवाखान्याजवळच्या एसटीडी बूथवरून. "ताई, घाबरू नका. आबा पडलेत, पाय मोडलाय, पण शुद्धीवर आहेत, बोलताहेत. दवाखान्यात आणलंय. अंगणातला दिवा लागला नाही म्हणून आईने मला मागच्या भिंतीवरून आत उडी मारायला लावली."

"कुठे पडले होते?"

"न्हाणीघराच्या वाटेवर. दुपारपासून. हाका मारून मारून आवाज बसलाय त्यांचा." मग तो म्हणाला, "तिथला दिवा मात्र वेळेवर लागला होता."

आहे त्या साडीवर निघाले. बसमध्ये बूड टेकेना. एरंडोल गेलं, पारोळा आला, ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतोय असं वाटून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. रस्त्याकडेच्या घरांपुढे दिवे लागलेले होते. एरवी मला ते पाहून बरं वाटायचं. त्या दिवशी दर दिव्यापाशी मी खिडकीतून मान काढून आत कुणी हलतंय का ते बघत होते.