ब्रेंडलच्या कादंबरीतला टिली

२००३ साली आमची प्लाटून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्रेनिंगला होती. मी अमेरिकन आर्मीत स्पेशालिस्ट, म्हणजे साधा शिपाई. जन्म नागपूरचा, वाढलो मिशिगनमधल्या ट्रॉयला. आमचा स्क्वाड लीडर सार्जंट ब्रेंडल, डेट्रॉइटच्या एका मेकॅनिकचा मुलगा. परेड संपली की तो बंकवर बसून कथा लिहायचा. काही छापूनही आल्या होत्या. ड्रायव्हर टिली त्याला प्रोफेसर म्हणायचा.

एका दुपारी उतारावर आमचा ट्रक उलटला आणि डिझेलनं पेट घेतला. माझा पाय अडकला होता. टिलीनं मला ओढून बाहेर काढलं. ब्रेंडल आधीच बाहेर फेकला गेला होता. गुडघ्यांत डोकं घालून तो कडेला बसला होता. त्याच्याजवळचा रेडिओ मी घेतला.

"वाहन उलटलंय. आग. मेडिक पाठवा. ओव्हर."

"जखमी किती? ओव्हर."

तोवर टिली आत अडकलेल्या गनरसाठी, म्हणजे ट्रकवरची मशीनगन सांभाळणाऱ्यासाठी, पुन्हा आत शिरला होता. गनर वाचला. टिली गेला.

ब्रेंडलला कुणी दोष दिला नाही. असं कुणाचंही होऊ शकतं.

पुढे त्यानं आर्मी सोडली. २००७ मध्ये त्याची पहिली कादंबरी गाजली. ट्रॉयजवळच्या पुस्तकांच्या दुकानात तो तिच्यातला भाग लोकांना वाचून दाखवायला आला, तेव्हा मी बाबांना घेऊन गेलो. पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो आत आला तेव्हा मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत टिलीची आई होती. ओहायोहून ड्राइव्ह करून आली होती.

ब्रेंडलनं ट्रकचं प्रकरण वाचलं. त्यात सार्जंट जळत्या ट्रकमधून माणसं काढतो आणि टिल्सन नावाचा ड्रायव्हर कडेला बसून रडतो.

बाबा कुजबुजले, "म्हणजे तुला यांनी काढलं?"

मला मान वर करवेना.

टिलीची आई उभी राहिली. "टिल्सन म्हणजे माझा मार्कस ना?"

"मॅडम, ही कादंबरी आहे."

"ते ठाऊक आहे. पण आर्मीच्या ऑफिसरनं मला वेगळं सांगितलं होतं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं का?"

ब्रेंडलनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. "सार्जंट, तुम्हीच सांगा."

त्यानं पुस्तक मिटलं. "बसलेला मी होतो. आत तुमचा मुलगा गेला."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. ती खाली बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून राहिली. सह्यांसाठी लागलेली रांग हळूहळू विरून गेली.

गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "घाबरला, त्याची काय लाज रे?"

पुढच्या वर्षी ब्रेंडलनं ते प्रकरण बदलून घेतलं. प्रकाशक नाराज झाले, नवी आवृत्ती फारशी खपली नाही. आता तो कॉलेजात इंग्रजी शिकवतो. दुसरी कादंबरी आली नाही.

टिली बावीस वर्षांचा होता. बेसूर गायचा, आणि गप्प बस म्हटलं की आणखी जोरात. आर्मीत सगळे आडनावानं हाक मारतात, पण त्याला माझं नाव शिकायचं होतं. हृषीकेश म्हणताना त्याची जीभ अडखळायची. त्या दुपारी धुरात हात घालून त्यानं मला नावानं हाक मारली. पहिल्यांदाच अगदी बरोबर.