दोन सर्व्हर, एक डिस्कपेटी आणि सहीची एकच रेघ

शर्टाच्या एका बाहीला इस्त्री झाली होती, दुसरी चुरगळलेलीच होती, तेवढ्यात एलिसेओला पाणीपुरवठा कार्यालयातून बोलावणं आलं. बायकोने, नेनिताने, इस्त्री बंद केली आणि देवमातेपुढे मेणबत्ती लावली. बुधवारची नव्या सर्व्हरांची चाचणी फसली तर त्याचा नोकरीचा कागद पुढे वाढणार नव्हता. सहा-सहा महिन्यांच्या कागदावर हंगामी म्हणून राबत त्याची अकरा वर्षं गेली होती.

काम तसं साधं. गावाच्या पाण्याची बिलं दोन सर्व्हरांवर चालणार. इलोइलो शहरातून आलेली दहा डिस्कांची एकच पेटी दोघांना जोडायची. एकाने मान टाकली की दुसऱ्याने त्याच डिस्कांवरून काम पुढे न्यायचं. एलिसेओने तसं जोडलंही होतं. पण साहित्य विभागाच्या फेलिसिंग, ज्यांना सगळे मनांग म्हणजे ताई म्हणत, मालकाच्या नावाचे स्टिकर घेऊन हजर झाल्या.

"टोटो, बाळा, ही पेटी कुणाची? बिल विभागाच्या सर्व्हरची की मीटर विभागाच्या?"

"दोघांची, मनांग. सामायिक आहे."

"फॉर्मवर सहीची रेघ एकच आहे."

"दोन्ही विभागांचे साहेब जरा दाटीवाटीने करतील सह्या."

"रेघ म्हणजे काय जीपनी गाडीतलं बाकडं आहे, सरकून बसायला? पाच डिस्क याला, पाच त्याला. तोड आत्ताच."

"मग एक पडला की दुसरा नुसता बघत बसेल."

"बसू दे. डिस्क हरवली तर कुणाला धरायचं ते तरी कळेल."

त्याने वाटणी केली.

बुधवारी फादरांनी दोन्ही सर्व्हरांवर पवित्र पाणी शिंपडलं. आशीर्वादात काही कमी नव्हतं. संचालकांनी पहिला सर्व्हर बंद केला. दुसरा ढिम्म.

"स्टिकर सगळे जागच्या जागी आहेत, सर," मनांग म्हणाल्या.

एलिसेओ पुढे झाला. "सर, सगळी पेटी एकाच माणसाच्या नावावर करा. मग मला ती दोघांना जोडता येईल."

"कुणाच्या?"

दोन्ही विभागांचे साहेब छताकडे बघू लागले.

"माझ्या," एलिसेओ म्हणाला.

"हंगामी माणसाची सही चालत नाही," मनांग म्हणाल्या. "नियम आहे."

चाचणीनंतरच्या जेवणासाठी टेबलावर मांडलेला पान्सित, शेवयांचा परतलेला पदार्थ, गार होत चालला होता. संचालकांनी एकदा त्या पान्सितकडे पाहिलं. "मग कायम करा याला. तंत्रज्ञाची जागा चार वर्षं रिकामीच आहे."

अकरा वर्षांच्या राबण्याने जे झालं नाही ते एका स्टिकरने केलं. दुपारी पेटी पुन्हा दोघांना जोडली. पहिला सर्व्हर बंद केला, दुसऱ्याने बिलं पुढे चालवली. आता दहाही डिस्कांना काही झालं तर ते एलिसेओच्या मानगुटीवर येणार होतं, पण ती मानगूट आता कायम नोकरीतल्या माणसाची होती.

मनांगना शुक्रवारपर्यंत कायम नेमणुकीची कागदपत्रं हवी आहेत. उद्या सकाळी एलिसेओला पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला आणायचा आहे.