घासून आणलेली पावलं

निम्म्या टॉवेलांवर इस्त्री फिरली होती, निम्मे टोपलीत चुरगळून पडले होते, आणि न्हाणीघरातली वज्रीची खरखर काही थांबत नव्हती. भाचेसून टाचा घासत होती. संध्याकाळी चर्चच्या उपासनेत तिचे पाय धुतले जाणार होते ना!

"अगं, धुवायला काही शिल्लक ठेव," आत्या इस्त्री आपटत म्हणाली.

"आत्याबाई, चार लोकांत घाणेरडे पाय पुढे करू?"

"प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा ते काय नखं रंगवून बसले होते?"

न्हाणीघरातून क्रीमचा वास आला.

एके काळी आत्या गुत्त्याच्या पायरीवर पडलेली असायची. नवऱ्याने हाकललं, गल्लीने नाव टाकलं. थोरल्या भावाने उचलून घरी आणलं, तोंड धुतलं, ओकारी पुसली आणि म्हणाला, "झोप आता." एवढंच. प्रभूनेही आपल्याला असंच उचललं, आधी अंग धुऊन ये म्हणाला नाही, हे तिला पुढे प्रार्थनेत उमगलं. तेव्हापासून चर्चच्या मंडळीचे टॉवेल, पेले आणि संडास तिच्याकडे.

प्रभूने आपल्याला पापातून कसं तारलं, याची साक्ष तिने मंडळीपुढे उभं राहून कधी दिली नाही. ते खातं साक्षसम्राटाचं. लाकडाच्या वखारीचा हा मालक, मंडळीतला मोठा माणूस. त्याच्या साक्षीतली पापं दरवर्षी वाढत; यंदा त्याने त्यात एक चाकूही घातला होता. आपण कसल्या चिखलात लोळत होतो ते तो इतकं चवीने सांगे, की ऐकणाऱ्याला चिखलाचाच हेवा वाटावा.

संध्याकाळी चर्चमध्ये खुर्च्यांपुढे पावलांची रांग लागली. गुळगुळीत, गुलाबी, सुगंधी. साक्षसम्राट पावलांखाली घमेलं सरकवत, कुंडीला घालावं तसं तांब्याने पाणी सोडत होता आणि दोन बोटांनी टॉवेल टेकवत होता. भाचेसुनेने तर डोळेही मिटून घेतले. आत्याला हसू आवरेना.

शेवटच्या खुर्चीशी तांब्या थांबला. तिथे रस्ता झाडणारी बाई बसली होती. "आमच्याकडे आज पाय धुतात, ये," असं आत्यानेच तिला सांगितलं होतं, म्हणून कामावरून थेट आली होती. पायांना गटाराचा गाळ, घोट्याला जखम, जखमेला चिकटलेली चिंधी.

"बाई, आधी नळावर जाऊन या," साक्षसम्राट पुटपुटला.

"मलाच धुवायचे तर घरी नळ आहे की, साहेब." बाई चपलेत पाय घालू लागली.

ही आता उठली तर पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, हे आत्याला दिसत होतं. तिने पुढे होऊन तांब्या ओढून घेतला.

"सरका. तुमच्या चिखलाच्या गोष्टी ऐकून कान किटले. खरा चिखल दिसला तर दोन पावलं मागे?"

ती गुडघ्यांवर बसली, आणि जखमेचा वास आला. तिनेही तोंड फिरवलं. अगदी त्या वखारवाल्यासारखं. हसू कुठल्या कुठे पळालं. ओकारी पुसताना दादालाही असाच वास आला असेल. पण त्याने तोंड फिरवलं नव्हतं. देवा, माफ कर, असं मनात म्हणत तिने पाय मांडीवर घेतला आणि चिंधीवर हळूहळू पाणी सोडलं.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय. पण थांबू नका, मावशी."

तेवढ्यात साक्षसम्राटाने दोन्ही हात उंचावले. "बंधुभगिनींनो, केवढी ही साक्ष—"

"साक्ष मागून. आधी हे घमेलं गटारात ओतून या."

विजारीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून घमेलं लांब धरून तो रांगेपुढून निघाला, तसे सगळ्यांनी आपापले गुलाबी पाय खुर्चीखाली ओढले.

घरी आल्यावर भाचेसून नाकाला पदर लावून म्हणाली, "आत्याबाई, तो टॉवेल फेकून द्या बाई."

आत्याने तो साबणात भिजवला. उरलेली इस्त्री तशीच राहिली. सकाळी त्या बाईच्या घरी जाऊन पट्टी बदलायची होती आणि घरात कापूस नव्हता. तिने चपला घातल्या आणि कापूस आणायला औषधांच्या दुकानाकडे निघाली.