रखमाजी नावाड्याचं लिव्हर

"अल्सर फुटलाय साहेब. पोट उघडू या," मी म्हणालो.

"इतकी जल्दी कशाला? रंग बघा त्याचा," मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले.

टेबलावर शहागडचे रखमाजी नावाडी होते. वय पन्नाशीचं, खांदे पैलवानाचे, पण ओठ कागदासारखे पांढरे. कापसाच्या लॉरीत घालून धाकट्या भावानं, धोंडिबानं, त्यांना जालन्याला आमच्या दवाखान्यात आणलं होतं. निजामी अमल होता. मी नवा डॉक्टर होतो. सोनोग्राफी हा शब्दही जन्मायचा होता. आमच्याकडे होती ती बोटं, कान आणि एक सुई.

"कुठं पडले का? मार लागला?" मी विचारलं.

"न्हाई डॉक्टरसाब. वाळूत रुतलेली नाव ढकलून राह्यले व्हते. एकदम पोट धरून खाली बसले," धोंडिबा म्हणाला.

अल्सर फुटला की पोटातली हवा लिव्हरवर चढते. उजव्या बरगडीवर बोटानं ठोकलं की पोकळ वाजतं. इथं भरीव वाजत होतं. आणि बरगडीखाली दगडासारखं काही हाताला लागत होतं. साहेबांनी पोटात सुई घातली. सिरिंज लाल झाली. ते रक्त बशीत ओतून आम्ही घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं झाली तरी ते गोठेना. शिरेतलं ताजं रक्त गोठतं. पोटात साचलेलं गोठत नाही.

"लिव्हरची गाठ फुटलीय. बिलकुल तीच," साहेब म्हणाले.

रक्तपेढी नव्हती. रखमाजींचं रक्त गोठल्यावर वर सुटलेल्या पाण्यात धोंडिबाच्या रक्ताचा थेंब काचेवर मिसळून पाहिला. कण चिकटले नाहीत, म्हणजे जुळलं. धोंडिबाची एक बाटली काढली, रखमाजींना चढवली. भुलीसाठी क्लोरोफॉर्म लिव्हरला वाईट, म्हणून ईथर दिला.

पोट उघडलं. लिव्हरवर मुठीएवढी गाठ, मधोमध चिरलेली. टाका घातला तर मऊ लोण्यातून दोरा सरकावा तसा फाडत बाहेर आला. साहेबांनी दोरा सोडून दिला. "गॉझ द्या. दाबून धरा." मी पाऊण तास दाबून धरलं. हात बधिर झाले, पण रक्त थांबलं. गॉझ आतच ठेवून पोट बांधलं, पाचव्या दिवशी ते गॉझ काढलं.

सहाव्या दिवशी रखमाजींनी भाकरी मागितली. मी आनंदानं सांगून टाकलं, "आता तुम्ही बरे झालात!"

साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "आजूबाजूच्या बारीक गाठी पाहिल्या नाहीत का? तो कॅन्सर आहे. तुम्ही रक्त थांबवलंत, बस्स. जा, खरं सांगून या."

मी गेलो. कसंबसं सांगितलं. रखमाजींनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"मंग किती दिवस?"

"काही महिने. नक्की नाही सांगता येत."

"बरं झालं सांगितलं डॉक्टरसाब. म्या नाव रंगवायला काढणार व्हतो. आता आधी धोंडिबाला नदीचं पाणी दाखवतो, नाव शिकवतो. त्याला नुस्ती शेती येते."

ते सात महिने जगले. पुढं कामानिमित्त मी शहागडला गेलो, तेव्हा गोदावरी ओलांडायला नावेत बसलो. नाव धोंडिबा चालवत होता. सरळ समोर न जाता तो नाव प्रवाहाच्या उलट वर नेऊ लागला. मी विचारलं तर म्हणाला, "मधी वाळू हाय. वरून दिसत न्हाई. दादानं रोज बसवून हात धरून शिकवलं. शेवटी बसवंना, तरी नावेत निजून सांगायचे." गोदावरीचं ते शांत पाणी आणि वल्ह्याचा आवाज अजून आठवतो.

आता मशीन दोन मिनिटांत गाठ दाखवतं. चांगलंच आहे. मी मात्र त्यानंतर नोकरीभर एक नियम पाळला: रक्त थांबलं तर पेशंटला 'रक्त थांबलं' एवढंच सांगायचं. 'बरे झालात' म्हणायचं नाही.