सहा मोबाईलची यादी

नगरच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. गेटातून आत आलं की डाव्या हाताला काचेची खोली, तिच्यात बोर्ड, हेडफोन आणि मी. बाहेरचे फोन घ्यायचे, आतल्या माणसांना जोडून द्यायचे. माणूस जागेवर नसला की शॉपमधल्या कर्ण्यावरून पुकारायचं. प्रेस शॉपमध्ये यंत्रं चालू असली की कर्णा कुणालाच ऐकू जायचा नाही. मग तिकडून पुण्याचं गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायचं. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नगरात मोबाईल दिसू लागले. मोठ्या साहेबांनी कंपनीसाठी सहा घ्यायचं ठरवलं. आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, "विक्रेत्यांना बोलवा, दोन-तीन फोन बघा, तुलना टाइप करून शिफारस लिहा. फोनचं खातं तुमचंच आहे." सोबत फोन कुणाला द्यायचे त्यांची यादी दिली. मी ती जागेवरच वाचली. पाच जणांच्या टेबलावर आधीच फोन होता. सहावे मोठे साहेब. त्यांच्या टेबलावर तीन होते.

यादी घेऊन मी बोर्डावर परत आले आणि विक्रेत्यांना फोन लावले.

पुण्याहून दोन विक्रेते आले. एकाचा फोन चपटा, झाकणाचा, मिटताना टप्प असा आवाज करणारा. दुसऱ्याचा जाडजूड, वर बोटभर अँटेना, बटणं ठळक. खोटं कशाला सांगू, चपटा हातात घेतल्यावर मला सोडवेना. मी चार वेळा उगाचच उघडला, मिटला. मग दोघांना म्हटलं, "दोन्ही फोन आज दिवसभर इथे राहू द्या. मी कारखान्यात फिरवून बघते."

चपट्या फोनवाला हसला. "मॅडम, माहितीपत्रकात सगळं दिलंय की."

"माहितीपत्रकात आमचं प्रेस शॉप नाही," मी म्हटलं.

बोर्डावर टाइपिस्टला बसवलं. दर पाच मिनिटांनी तिने दोन्ही फोनवर आळीपाळीने रिंग द्यायची, असं ठरलं. बरोबर मेंटेनन्सच्या फोरमनना घेतलं. ते श्रीगोंद्याकडचे, साखर कारखान्यात उमेदवारी करून आलेले. मशीन बंद पडलं की सगळ्यांना हेच हवे असायचे आणि सापडायचे कधीच नाहीत, कारण ते कुठल्या तरी मशीनच्या पोटात शिरलेले असायचे.

गेटावर दोन्ही फोन वाजले. स्टोअरमध्येही वाजले. प्रेस शॉपच्या पत्र्याखाली गेलो आणि चपट्याची रेंज गेली ती गेलीच. जाड्याच्या आवाजात खरखर होती, पण टाइपिस्टचं बोलणं कळत होतं. रिंगही कानठळ्या बसवणारी. फोरमननी हात कापसाने पुसला, चपटा घेतला आणि माझ्या बोर्डाचा नंबर दाबायला लागले. त्यांच्या अंगठ्याखाली एका वेळी तीन बटणं दबायची.

"ताई, ह्ये खेळनं हाय," ते म्हणाले. "माझा अंगठाच मावत न्हाई ह्याच्यावर. त्यो जाडा द्या बगू." जाड्यावरून त्यांचा फोन पहिल्या फटक्यात लागला. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "पन आमाला कशाला इचारताय? आमाला थोडाच मिळनार हाय?"

ते मला लागलं. मी जागेवर आले आणि बोर्डाचं रजिस्टर उघडलं. फोन आला पण माणूस सापडला नाही, अशा नोंदींचा एक रकाना मी स्वतःच्या सोयीसाठी ठेवला होता. त्यात दोनच माणसं पुन्हापुन्हा येत होती. एक हे फोरमन आणि दुसरा टेम्पोबरोबर श्रीगोंदा, राहाता, कुठे कुठे माल पोचवायला जाणारा डिस्पॅच क्लार्क. यादीतल्या सहा साहेबांपैकी एकही त्या रकान्यात नव्हता.

शिफारसीत मी दोन गोष्टी लिहिल्या. जाडा फोन घ्यावा. आणि सहापैकी दोन फोन या दोघांना द्यावेत.

बैठकीला मला उभं राहूनच बोलावं लागलं. जाडा फोन टेबलावर ठेवल्यावर खरेदीचे साहेब म्हणाले, "बाई, हा खिशात घालायचा का कुणाच्या डोक्यात?" सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. मग प्रशासन अधिकारी म्हणाले, "वापरणार आम्ही. तुम्हाला काय फरक पडतो?"

"तुम्ही सापडला नाहीत की लोक मला बोलतात साहेब. फरक मलाच पडतो."

"आणि यादी? यादी ठरवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही. पण फोन कुणाला लागत नाही, हे या इमारतीत फक्त मला माहीत आहे."

त्यांचा चेहरा बदलला. "हल्ली तुम्ही लोक फार बोलायला लागलात," ते म्हणाले.

आम्ही बौद्ध आहोत हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, "तुम्ही लोक म्हणजे ऑपरेटर, का दुसरं काही?" त्यांनी समोरची फाईल उघडली. मोठे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "चला, पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सहीसाठी कागद आला. शिफारस: चपटा फोन, सहा नग, यादी पहिलीच. खाली माझं नाव टाइप केलेलं. मी सही केली नाही. "निर्णय तुमचा आहे, सही तुमची करा," असं सांगून कागद परत पाठवला. संध्याकाळी मेमो आला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, आदेशाचं पालन न करणं, तीन दिवसांत खुलासा द्यावा.

रविवारी जामखेडला गेले. वडील तिथल्या बाजार समितीत हमाल होते. चाळिशी उलटल्यावर रात्रशाळेत सही शिकले, म्हणून सहीला फार जपायचे. मी मेमो वाचून दाखवला. आई घाबरली. म्हणाली, "माफी मागून टाक बाई. नोकरी हाय ती." वडिलांनी मेमो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तू लिव्हलं ते खरं हुतं का?"

"खरं होतं."

"मग माफी कशाची मागायची?" एवढंच बोलून ते बैलाला पाणी दाखवायला गेले.

मी खुलासा लिहिला. माझी शिफारस, तपासणीत कुठे काय ऐकू आलं ते, आणि रजिस्टरच्या त्या रकान्याची नक्कल. माफीचा शब्द घातला नाही. खाली माझी सही केली, ठळक, पूर्ण नावाची.

चपटे सहा फोन आले. साहेब लोक खूश होते. आठवड्याभरात मात्र फोन वाजला की एकेक साहेब झाकण उघडून सायकल स्टँडकडे पळताना दिसू लागले, कारण ऑफिसच्या आतल्या भिंतींतही त्याची रेंज टिकत नव्हती. माझ्या काचेतून ते सगळं दिसायचं. मला मजा वाटली, हे कबूल करते. पण फोरमन तसेच मशीनच्या पोटात होते, कर्णा तसाच फुकट ओरडत होता आणि शिव्या मीच खात होते, त्यामुळे ती मजा फार पुरली नाही.

मग एकदा भर पाळीत प्रेस बंद पडला. फोरमनना शोधायला चार माणसं धावली. दीड तास गेला. ते मागच्या पंप हाउसमध्ये होते. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः माझ्या खोलीच्या दारात आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. म्हणाले, "तो जाड फोनवाला... त्याचा नंबर आहे?"

"आहे साहेब. किती मागवायचे?"

"एक. फोरमनसाठी."

"आणि डिस्पॅचला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, एक म्हटलं ना."

"एक मागवते. दुसऱ्याचं पुन्हा लिहून देते," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच नंबर फिरवला.

डिस्पॅचच्या फोनसाठी मी तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी तो आला. मेमो मात्र त्यांनी कधी मागे घेतला नाही. माझ्या फायलीत तो अजून असेल, आणि त्याच्या पाठीला टाचलेला माझा खुलासाही.