सुमनबाईंचा खुबा आणि सिमेंट

"मॅडम, मायले हाच खुबा बसवा," म्हणत विलासने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. व्हिडिओत एक परदेशी गृहस्थ ऑपरेशननंतर धावत होते. विलासच्या आई सुमनबाई खुर्चीत एका बाजूला रेलून बसल्या होत्या. अंजनगाव सुर्जीला त्यांचा झेंडूचा मळा. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलेला, रात्री कुशीवर वळताही येत नव्हतं.

व्हिडिओतलं होतं ते रिसर्फेसिंग. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा कापत नाहीत, घासून त्यावर धातूची टोपी चढवतात. दणकट हाडांच्या तरुण पुरुषांना ते कधीकधी चालतं. साठीपुढच्या बाईसाठी मी टोटल हिप सुचवलं. गोळा काढायचा, कमरेच्या हाडात नवी वाटी, मांडीच्या हाडात धातूचा दांडा, म्हणजे स्टेम. तो हाडांसाठीच्या खास सिमेंटने चिकटवतात, नाहीतर नुसता घट्ट ठोकतात. मग हाडच वाढून त्याला पकडतं.

"बिनसिमेंटचा टाका. सिमेंटवाला बुढ्या लोकाइले टाकतात," विलास म्हणाला.

"मंग मी काय जवान हाव काय रे?" सुमनबाई कडाडल्या. "मॅडम, मले चालता आलं पायजे. बाकी तुमी पाहा."

एक्स-रेत हाड बरं दिसत होतं. बिनसिमेंटचं ठरलं. गरज पडली तर सिमेंट, हेही मी दोघांकडून कबूल करून घेतलं.

ऑपरेशनमध्ये वाटी छान बसली. मग मांडीचं हाड आतून कोरायला रास्प, म्हणजे एक कानस घातली. ती जागच्या जागी फिरायला लागली. मोठ्या मापाची घातली, तीही फिरली. हाड आतून मऊ होतं. आणखी मोठी ठोकली असती तर तडकलं असतं.

"सर, सिमेंट घेतेय," मी भूलतज्ज्ञांना म्हटलं.

"थांबा जरा. हं, घ्या."

सिमेंट भरताना बीपी एकदम उतरू शकतं. उतरलंच. सिमेंट घट्ट होईपर्यंत स्टेम हलू द्यायचा नसतो. मी तो दाबून धरला आणि भूलतज्ज्ञांचं नुसतं ऐकत राहिले.

"औषध दिलंय... वर येतंय... आलं."

मास्कमागे सिस्टरने सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझाही सुटला.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई वॉकर घेऊन उभ्या राहिल्या.

"सिमेंट लावलं काय?" विलासने विचारलं.

"लावलं."

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याची माय दारापर्यंत पोचलीही होती. "टाक्याचं दुखते वं मॅडम, पण ते अंदरचं गेलं!"

एक्स-रे बघून इम्प्लांट ठरवता येतं. तरी दुसरं जवळ असलेलं बरं.